पेटंटवाल्यांना जज क्लार्क म्हणून घेतात का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. केमिकल इंजिनिअरिंगमध्ये एम.एस., अमेरिकेतल्या एका फर्ममध्ये चार वर्षं पेटंट एजंट (म्हणजे वकील नसूनही पेटंट ऑफिसपुढे अर्ज चालवणारा), नोकरी सांभाळून संध्याकाळचं लॉ स्कूल, त्याचं दुसरं वर्ष संपत आलेलं, वर्गात वरच्या पाचव्या हिश्शात नंबर, हातात ग्रीन कार्ड. पदवीनंतर एक वर्ष फेडरल जजकडे लॉ क्लार्क म्हणून काम करायचं आहे. फर्ममधले पार्टनर म्हणतात, "सायन्सवाले आहात, फेडरल सर्किट पायघड्या घालेल." लॉ स्कूलच्या प्राध्यापिका म्हणतात, "पेटंटवाल्यांना बहुतेक जज हात लावत नाहीत." खरं कोणाचं?

दोघांनीही आपल्याला दिसलं तेवढं सांगितलंय. मी स्वतः पेटंट एजंट होते, मग वकील झाले, पेटंटचे खटले भरपूर असलेल्या एका जिल्हा न्यायालयात एक वर्ष आणि त्यानंतर फेडरल सर्किटमध्ये, म्हणजे पेटंटची अपिलं ऐकणाऱ्या न्यायालयात, एक वर्ष क्लार्क होते. दोन्हीकडे नव्या उमेदवारांच्या अर्जांचा गठ्ठा आधी आम्ही क्लार्क चाळायचो आणि त्यातले पंधरा-वीस जजसाहेबांच्या टेबलावर जायचे. त्यामुळे पेटंटवाल्यांचे अर्ज कुठे अडकतात हे मी आतून पाहिलंय. सायन्सच्या पदवीमुळे तुमचा अर्ज वाचला जाईल. त्या पदवीवर निवड मात्र होत नाही. गठ्ठ्यातून टेबलापर्यंत पोचतो तो अर्ज ज्याच्या लिखाणात वकील दिसतो आणि ज्याला पेटंटपलीकडच्या कायद्याचीही भूक आहे असं वाटतं. आपल्या लोकांचं घोडं नेमकं इथेच पेंड खातं.

आधी शब्दाचा घोळ मिटवते. मला हे काम मिळालं तेव्हा मावशीने फोनवर विचारलं होतं, "एवढं शिकून शेवटी कारकुनीच का गं?" लॉ क्लार्क म्हणजे कारकून नव्हे. जजच्या खासगी कचेरीत, म्हणजे चेंबर्समध्ये, बसून दोन्ही बाजूंचे ब्रीफ, म्हणजे लेखी युक्तिवाद, वाचायचे, कायदा शोधायचा, सुनावणीआधी जजला टिपण द्यायचं आणि निकालपत्राचा कच्चा मसुदा लिहायचा, असं हे काम. अपिलाच्या न्यायालयात जजकडे साधारण चार क्लार्क असतात, जिल्हा न्यायालयात दोन-तीन. इतक्या लहान खोलीत वर्षभर एकत्र काढायचं असतं, म्हणून निवड करताना हुशारीइतकाच स्वभावही बघतात.

आता फेडरल सर्किट. हे न्यायालय १९८२ साली कस्टम्स अँड पेटंट अपील्स कोर्ट आणि कोर्ट ऑफ क्लेम्सची अपील शाखा एकत्र करून झालं. देशभरातली पेटंटची अपिलं वॉशिंग्टनमध्ये याच्याकडेच येतात, म्हणून लोक त्याला पेटंट कोर्ट म्हणतात. पण नियमित जजच्या जागा बारा, आणि पुढ्यात येणारे विषय बघा: माजी सैनिकांचे भत्ते, सरकारी नोकरांच्या बडतर्फ्या, सरकारी कंत्राटं, आयात शुल्क. प्रशासकीय कायद्याच्या प्रत्येक वर्गात शिकवला जाणारा २०१९ चा किसॉर खटला व्हिएतनाम युद्धातल्या एका सैनिकाच्या भत्त्यावरून याच न्यायालयातून वर गेला. २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी लादलेल्या आयात शुल्काचा वादही इथेच, पूर्ण पीठापुढे चालला. पेटंटची प्रकरणं निम्म्याहून जास्त असतात हे खरं, पण क्लार्कला उरलेलं निम्मं टाळता येत नाही.

जजही सगळे सायन्सवाले नाहीत. ॲलन लूरी रसायनशास्त्रातले डॉक्टरेट. किंबर्ली मूर, रेमंड चेन आणि कारा स्टोल इलेक्ट्रिकल इंजिनिअर. टिफनी कनिंगहॅम एमआयटीच्या केमिकल इंजिनिअर, आणि लॉ स्कूलनंतर याच न्यायालयात जज टिमोथी डाइक यांच्याकडे क्लार्क होत्या. पण खुद्द डाइक, किंवा रिचर्ड टरँटो, किंवा विल्यम ब्रायसन हे अपिलाच्या वकिलीत मुरलेले लोक. जिमी रेना आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या कायद्यातून आले, टॉड ह्यूज न्याय खात्यातून. लेनर्ड स्टार्क डेलावेअरच्या जिल्हा न्यायालयातून वर आले. ही यादी मी पाठांतरासाठी देत नाहीये. अर्ज पाठवण्याआधी प्रत्येक जज कुठून आलेत, कोणत्या प्रकारचे क्लार्क आजवर घेतलेत हे बघितलंत, तर बाराही जणांना एकच पत्र पाठवण्याचा वेडेपणा होणार नाही.

काही चेंबर्समध्ये चारही क्लार्क तांत्रिक पदवीवाले असतात. काहींत दोन-दोन अशी जोडी लावतात. काही जज मुद्दाम म्हणतात की वकिलांनी मला ट्रान्झिस्टर समजेल असा समजावला नाही तर तो त्यांचा दोष, मला क्लार्क कायदा लिहिणारा हवा. माझ्या वर्षी आमच्यातला एक क्लार्क इतिहासाचा पदवीधर होता. सेमीकंडक्टरच्या एका अपिलाचं त्याचं टिपण आमच्या सगळ्यांत सरस ठरलं, कारण जे त्याला कळलं नाही ते त्याने विचारलं, आणि जे विचारून कळलं ते सोप्या शब्दांत मांडलं. मी मात्र डोपिंगच्या, म्हणजे सेमीकंडक्टरमध्ये मुद्दाम अशुद्धी मिसळण्याच्या, रसायनावर दोन पानं खर्ची घातली होती. खरा वाद होता एका शब्दाचा अर्थ पेटंटच्या वर्णनातून घ्यायचा की शब्दकोशातून, एवढाच. तेव्हापासून मी कोणालाही "तुमचं सायन्स हे तुमचं बळ" असं सरसकट सांगत नाही. कधीकधी तेच पायात येतं.

तिथल्या दिनक्रमाचंही सांगून ठेवते, कारण मुलाखतीत त्याची जाण दिसली तर बरं वाटतं. बहुतेक महिन्यांत पहिल्या आठवड्याच्या आसपास सुनावण्या असतात, तीन जजचं पीठ, प्रत्येक बाजूला साधारण पंधरा मिनिटं. त्याआधीचे आठवडे टिपणं लिहिण्यात जातात, नंतरचे मसुद्यांत. आणि तीस पानांचं टिपण जीव तोडून लिहावं, तर चार दिवसांनी पीठाने नियम ३६ खाली एका ओळीत "निकाल कायम" म्हणून फाइल मिटवावी, हेही नित्याचं. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मला रडू आलं होतं. महिनाभरात सवय होते.

जिल्हा न्यायालयांचं चित्र वेगळं आहे, आणि माझ्या मते तुमच्यासारख्यांसाठी संधी इथे जास्त आहे. देशात ९४ फेडरल जिल्हे आहेत, पण पेटंटचे खटले मूठभर ठिकाणी साचतात: डेलावेअर, टेक्सासचा पूर्व जिल्हा, कॅलिफोर्नियाचा उत्तर जिल्हा, औषधांच्या खटल्यांसाठी न्यू जर्सी. ही यादी दगडावरची रेघ नव्हे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टीसी हार्टलँड खटल्यात खटला कुठे भरता येईल याचा नियम आवळला आणि टेक्सासच्या मार्शल गावातली गर्दी डेलावेअरकडे सरकली. मग टेक्सासच्याच पश्चिम जिल्ह्यातल्या वेको गावात एकट्या जजपुढे देशातल्या नव्या पेटंट खटल्यांचा पाचव्या हिश्शाहून मोठा वाटा जमा झाला, आणि जुलै २०२२ मध्ये त्या जिल्ह्याच्या मुख्य जजनी ते खटले लॉटरीने वाटायचा आदेश काढल्यावर तो ओघही आटला. तुम्ही आज अर्ज केलात तरी प्रत्यक्ष काम दोन वर्षांनी सुरू होणार. तेव्हा कोणाच्या पुढ्यात किती पेटंट असतील याचा अंदाज गेल्या वर्षीच्या आकड्यांवरून बांधू नका.

पेटंटच्या जिल्ह्यात क्लार्कचं मोठं काम म्हणजे क्लेमचा, म्हणजे पेटंटची हद्द ठरवणाऱ्या वाक्यांचा, अर्थ लावणं. १९९६ च्या मार्कमन निकालापासून हा अर्थ ज्युरी नाही, जज ठरवतो. दोन्ही बाजू दहा-बारा शब्दांवर भांडतात आणि त्या आदेशाचा पहिला खर्डा क्लार्क लिहितो. तुम्ही एजंट म्हणून क्लेम लिहिलेत, पेटंट ऑफिसने तो का नाकारला आणि कोणती दुरुस्ती करून तुम्ही तो वाचवला हे जगलात, त्यामुळे फाइलचा इतिहास वाचण्यात तुमचा हात धरणारा सापडणार नाही. खरं भांडवल हे आहे. पदवीपेक्षा याला किंमत जास्त, आणि अर्जात लोक नेमकं हेच लिहीत नाहीत.

मात्र तिथेही सोमवारी क्लेम तर मंगळवारी अमली पदार्थांच्या आरोपीला किती वर्षं शिक्षा द्यायची याचा विचार, बुधवारी कैद्याने पेन्सिलीने लिहिलेली तक्रार, गुरुवारी कोणाची नोकरी वयामुळे गेली का हा वाद. मी क्लार्क झाले त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात एका शिक्षेच्या सुनावणीला बसले. आरोपीची आई मागच्या बाकावर होती. त्या दिवशी पॉलिमरचं सगळं ज्ञान निरुपयोगी होतं. मुलाखतीत "मला पेटंटच करायचं आहे" म्हणणाऱ्याला जज का कचरतात हे तेव्हा कळलं.

तुमच्या यादीत बहुधा नसलेली गोष्ट आता सांगते. ज्या जिल्ह्यात वर्षाला दोन-चारच पेटंट खटले येतात तिथल्या जजना तांत्रिक क्लार्क सोन्यासारखा वाटू शकतो. त्यांच्याकडे एखादा पेटंट खटला दीड वर्ष पडून असतो, प्रत्येक क्लार्क तो पुढच्याच्या गळ्यात घालून जातो, आणि जजना त्या फाइलचं नाव काढलं तरी डोकं धरावंसं वाटतं. डेलावेअरच्या गठ्ठ्यात तुमच्यासारखे शंभर अर्ज असतील. मध्य-पश्चिमेतल्या एखाद्या शहरात तुम्ही एकटेच असाल. माझी एक कनिष्ठ सहकारी अशीच लागली. तिच्या पत्रात एकच वाक्य पेटंटबद्दल होतं: "आपल्याकडे पेटंटचा खटला आला तर तो मी आनंदाने घेईन, आणि बाकी सगळं शिकायला येतेय." जजनी मुलाखतीत तेच वाक्य वाचून दाखवलं म्हणे. फक्त अशा ठिकाणी त्या गावाशी तुमचा काही संबंध आहे का, किंवा तिथे यायची खरी तयारी आहे का, हे पत्रात स्पष्ट असू द्या. नाहीतर सगळीकडे जाळं फेकलंय असं दिसतं.

कोर्ट ऑफ फेडरल क्लेम्स लोक विसरतात. सरकारनेच पेटंट वापरलं तर भरपाईचा दावा तिथे चालतो, वॉशिंग्टनमध्येच आहे आणि गर्दी कमी. आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाच्या प्रशासकीय जजकडे ॲटर्नी-ॲडव्हायझरच्या, म्हणजे कायदेविषयक सल्लागाराच्या, जागा असतात. तिथे पेटंटच पेटंट, पण त्याला क्लार्कशिपचं वलय नाही आणि मुक्काम सहसा एका वर्षाहून लांबतो.

आता लिखाणाचा नमुना. यावर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण पेटंटवाल्यांचे दहातले सात अर्ज मी इथे बाजूला ठेवले.

पेटंट लिहिणाऱ्याच्या हाताला एक वळण लागतं. आपण जाणूनबुजून धूसर लिहितो. "किमान एक", "काही स्वरूपांत", "यापुरतं मर्यादित न राहता". एकाच वस्तूला एकच नाव पानोपान, सर्वनाम टाळायचं, वाक्य संपूच द्यायचं नाही. ऑफिस ॲक्शनला, म्हणजे पेटंट ऑफिसच्या लेखी आक्षेपांना, उत्तर देताना तर कबुली म्हणून काहीच द्यायचं नाही, कारण आज लिहिलेला शब्द दहा वर्षांनी खटल्यात आपल्याच गळ्याशी येतो. एजंट म्हणून हे सगळं शहाणपणाचंच. पण जजचं लिखाण याच्या अगदी उलट. तिथे हरणाऱ्या बाजूचा सगळ्यात जोरदार मुद्दा आधी प्रामाणिकपणे मांडावा लागतो, मग तो का टिकत नाही ते सांगावं लागतं, आणि शेवटी एक बाजू घ्यावी लागते. ऑफिस ॲक्शनचं उत्तर नमुना म्हणून जोडणारा उमेदवार नकळत सांगत असतो की मला दुसरी बाजू बघता येत नाही. शिवाय अशिलाचं अप्रकाशित काम जोडलंत तर गोपनीयतेचा प्रश्न येतो आणि तुमच्या विवेकाबद्दलच शंका येते. पहिल्या वर्षीची लीगल रायटिंगची असाइनमेंटही नको. ती सगळ्यांची सारखीच असते आणि तिच्यावर शिक्षकांचे हात फिरलेले असतात.

मग काय जोडायचं? मी स्वतः केलेली गोष्ट सांगते. फेडरल सर्किटच्या संकेतस्थळावर सुनावण्यांचं ध्वनिमुद्रण फुकट ऐकता येतं. ब्रीफ पेसर या सरकारी प्रणालीवर मिळतात, पानाला दहा सेंट, एका दस्तऐवजाला जास्तीत जास्त तीन डॉलर, आणि तिमाहीचं बिल तीस डॉलरपर्यंतच असेल तर तेही माफ. युक्तिवाद होऊन निकाल यायचा बाकी असलेलं एक अपील निवडा. दोन्ही बाजूंचे ब्रीफ वाचा, ध्वनिमुद्रण ऐका आणि जजसाठी दहा पानांचं बेंच मेमो लिहा: वाद काय, खालच्या न्यायालयाने काय केलं, आपण किती खोलात तपासायचं, कोण जिंकावं आणि का. मग निकालाची वाट बघा. निकाल तुमच्या उलट लागला तर उत्तमच. कुठे घसरलात ते कळेल. मी तीन केले. पहिला पेटंटचा, तो वाईट होता. दुसरा सैनिकाच्या भत्त्याचा, तो बरा होता, कारण त्यात माझ्याकडे मिरवायला सायन्सच नव्हतं. तिसरा मी नमुना म्हणून पाठवला, आणि मुलाखतीत जजनी पंधरा मिनिटं फक्त त्यावर काढली.

"किती खोलात तपासायचं" हा मुद्दा सहज आला, पण तोच अर्धी लढाई आहे. पेटंट ऑफिसच्या तथ्यनिष्कर्षांना प्रशासकीय कायद्याचीच कसोटी लागते हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये झुर्को खटल्यात ठरवलं. क्लेमचा अर्थ लावताना जिल्हा जजने साक्षीपुराव्यावरून काढलेल्या तथ्यांना अपिलात मान द्यायचा हे २०१५ च्या टेवा निकालात. २०२४ मध्ये लोपर ब्राइटने सरकारी खात्यांनी लावलेल्या कायद्याच्या अर्थाला मान देण्याची जुनी रीतच मोडली. एजंट म्हणून तुम्ही चार वर्षं एका सरकारी खात्याशीच भांडलात, फक्त त्याला कधी प्रशासकीय कायदा म्हटलं नाहीत. पुढच्या सत्रात ॲडमिनिस्ट्रेटिव्ह लॉ आणि फेडरल कोर्ट्स हे दोन विषय घ्या, भले पेटंटचा एखादा ऐच्छिक विषय सोडावा लागला तरी. गुणपत्रिकेत पेटंटचे सहा विषय बघून जज खूश होत नाहीत. ते तर तुम्हाला येतंच.

मार्कांबद्दल खरं बोलायचं तर वरचा पाचवा हिस्सा फेडरल सर्किटच्या काही चेंबर्सना पुरतो, काहींना नाही. नोकरी करत मिळवलेले मार्क आहेत हे अर्जात एका ओळीत दिसू द्या, पण त्याचं रडगाणं नको. संध्याकाळच्या विद्यार्थ्यांची खरी अडचण शिफारसपत्रांची असते. सहाला ऑफिस सोडून धावत वर्गात, नऊला परत घरी, प्राध्यापकांच्या केबिनमध्ये बसणार कधी? तीन पत्रं लागतात आणि निदान दोन पूर्णवेळ प्राध्यापकांची हवीत. पेटंट विभागाच्या पार्टनरने "क्लेम उत्तम लिहितात" असं लिहिलेलं पत्र चालतं, पण तिसरं म्हणून. एका प्राध्यापकासाठी एक सत्र संशोधन सहायक व्हा, दुसऱ्याच्या सेमिनारमध्ये मोठा निबंध लिहा. जज पत्रापेक्षा फोनवर जास्त विश्वास ठेवतात, आणि फोनवर त्या प्राध्यापकांना तुमच्याबद्दल सांगण्यासारखं काही तरी असलं पाहिजे. जाइल्स रिच यांच्या नावाने पेटंट वकिलांची संघटना मूट कोर्टची, म्हणजे लुटुपुटूच्या खटल्यांची, स्पर्धा घेते, तिच्यात उतरलात तर ब्रीफही होतो आणि ओळखीही.

वेळापत्रक: अर्ज ऑस्कर नावाच्या ऑनलाइन प्रणालीतून जातात. अनेक जज एका सामायिक योजनेप्रमाणे दुसऱ्या वर्षाचे मार्क आल्यावर, जूनमध्ये विद्यार्थ्यांचे अर्ज बघतात. ही योजना सगळ्यांवर बंधनकारक नाही, काही जज आधीच भरती करून मोकळे होतात. चार वर्षांच्या संध्याकाळच्या अभ्यासक्रमात तुमचं कोणतं वर्ष कोणतं धरतात हे लॉ स्कूलच्या क्लार्कशिप कार्यालयात विचारून घ्या. आणि लक्षात ठेवा, पदवी झालेल्या वकिलांना ही योजना लागू नाही. पेटंटचे खटले चालवणारे कित्येक जज एक-दोन वर्षं खटल्यांत काम केलेला उमेदवारच पसंत करतात. पहिल्या खेपेला काही हाती लागलं नाही तर प्रॉसिक्यूशन, म्हणजे पेटंट ऑफिसपुढचं अर्जांचं काम, सोडून खटल्यांच्या विभागात जा आणि पुन्हा अर्ज करा. मी स्वतः दुसऱ्या खेपेची.

मुलाखतीतली माझी फजिती सांगते. एका जजनी विचारलं, "आमच्या न्यायालयाचा अलीकडचा कोणता निकाल तुम्हाला चुकीचा वाटतो?" अमूर्त कल्पना नुसती संगणकावर चालवली म्हणून पेटंट मिळत नाही असं सांगणाऱ्या २०१४ च्या ॲलिस निकालानंतर सॉफ्टवेअर पेटंटांचं काय झालं यावर माझी मतं तयार होतीच. मी एका निकालाची यथेच्छ चिरफाड केली. जज शांतपणे म्हणाले, "तो मी लिहिला." पुढची दहा मिनिटं त्यांनी माझी उलटतपासणी घेतली. नोकरी मिळाली नाही, पण ती मत दिल्यामुळे गेली असं मला वाटत नाही. गेली ती दुसऱ्या बाजूला काय म्हणता येईल असं त्यांनी विचारल्यावर मी गडबडले म्हणून. मत द्याच, पण निकाल कोणी लिहिलाय ते बघून जा आणि त्याची बाजूही त्याच जोराने मांडता आली पाहिजे. दुसरी एक रीत: जजनी जागा देऊ केली की ती घ्यायची असते. "विचार करून सांगतो" म्हणणं फार वाईट दिसतं. म्हणून जिथे जायचं नाही तिथे अर्जच करू नका, आणि मुलाखतींचा क्रम लावता आला तर मनातली जागा आधी ठेवा.

पैशांचं थोडक्यात. नव्या पदवीधराला शहरानुसार साधारण ७५ ते ९० हजार डॉलर मिळतात, अनुभव आणि वकिलीची सनद असेल तर श्रेणी चढते. मोठ्या फर्ममध्ये पहिल्या वर्षाचा पगार २,२५,००० आहे. परतल्यावर त्याच फर्म ५०,००० किंवा त्याहून जास्त बोनस देतात, त्यामुळे एक वर्षाचा खड्डा थोडाफार भरतो. पण त्या वर्षात पेटंट ऑफिसपुढचं काम, अगदी एखाद्या मित्राचा अर्जसुद्धा, करता येणार नाही.

याला जोडूनच एक गोष्ट, जी पेटंटवाल्यांना बाकीच्यांपेक्षा जास्त भोवते. तुमच्याकडे जुन्या कंपनीचे शेअर आहेत का? तुमच्या नावावर संशोधक म्हणून पेटंट आहे का? एजंट म्हणून कोणत्या अशिलांचे अर्ज केलेत? पक्षकार कंपनीचा एक शेअर जरी असला तरी त्या प्रकरणाला हात लावता येत नाही. औषध कंपन्यांच्या खटल्यांनी भरलेल्या जिल्ह्यात औषध कंपन्यांचीच कामं केलेला क्लार्क अर्ध्या फाइलींपासून दूर ठेवावा लागला, तर जजना तो परवडत नाही. यादी आधीच तयार ठेवा आणि विचारतील तेव्हा लपवू नका. शेअर विकता येतात. अशिलांचं तसं नसतं, म्हणून कुठे अर्ज करायचा हे ठरवतानाच ती यादी समोर असावी.

आणि शेवटी तुम्ही न विचारलेली, पण मला सगळ्यात आधी तपासावीशी वाटलेली गोष्ट: ग्रीन कार्ड. अमेरिकेच्या मुख्य भूमीवरच्या फेडरल न्यायालयांत पगारी नोकरीसाठी नागरिकत्वाची अट आहे. विद्यार्थ्यांच्या एफ-१ किंवा नोकरीच्या एच-१बी व्हिसावर असलेल्यांना ती जागा मिळत नाही. त्यांनी राज्यांच्या न्यायालयांचे नियम बघावेत, किंवा हवाई, पोर्तो रिको, ग्वामसारख्या ठिकाणी चौकशी करावी, कारण वेतनाची ही अट मुख्य भूमीपुरती आहे. ग्रीन कार्डवाल्यांना वाट आहे, पण ती नागरिकत्वाच्या मार्गावर असलेल्यांना. अजून पात्र झाला नसाल तर नागरिक व्हायचा इरादा आहे असं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. पात्र झाला असाल, म्हणजे सहसा पाच वर्षं आणि अमेरिकी नागरिकाशी लग्नामुळे कार्ड असेल तर तीन, तर पात्र झाल्यापासून सहा महिन्यांत अर्ज केलेला असावा लागतो. कित्येक जण "करू कधीतरी" म्हणत हे सहा महिने घालवतात. माझ्या ओळखीच्या एका फार हुशार मुलाला जागा देऊ केल्यानंतर हे लक्षात आलं. जज हळहळले, पण पगार काढता येईना.

बेंच मेमो आणि प्राध्यापक नंतर. आज घरी गेलात की कार्डावर "रेसिडेंट सिन्स" पुढे छापलेली तारीख बघा आणि त्यात पाच वर्षं मिळवा.